आत्याचं बोलणं रांगेत उभं राहिलं

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकूनच, कारण टेबलावर आईने कपड्यांच्या घड्या रचून ठेवल्यात आणि मी जमिनीवर बसून स्टुलावर कागद ठेवून लिहितेय.) तुझा गुडघा कसा आहे? उजवा विचारतेय. डावा बरा आहे हे मला माहीत आहे, म्हणजे मलाच काय, आता बऱ्याच लोकांना माहीत आहे, पण ते पुढे सांगते. आतोबा कानातलं यंत्र घालतात का, की तू बोलायला लागलीस की अजूनही त्याची बॅटरी संपते? इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला. बाबाही ठणठणीत आहेत आणि ते तुझा फोन उचलत नाहीत यात त्यांचा काडीचाही दोष नाही, त्यांना उचलू नका असं मीच सांगितलंय. घरात कोणी आजारी नाही, कोणी रुसलेलं नाही, कोणी काही लपवत नाही. तू आत्तापर्यंत या तिन्ही गोष्टी धरून बसली असशील, म्हणून आधीच लिहिलं. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

मोठी बातमी ही की मी एका प्रशिक्षणाला जातेय. संशोधकांच्या! आणि तिथे खुर्च्या लावायला नाही, खुर्चीत बसायला जातेय. शेवटच्या दिवशी, म्हणजे येत्या शनिवारी, तिथे प्रत्येकाने सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय शोधलं ते सांगायचं आहे, आणि जे सांगतील त्यांच्यातून मॅडम काहींना पुढच्या मोठ्या कामाला ठेवून घेणार आहेत. आत्या, मला तिथे राहायचंय. मला आजवर कुठेच इतकं राहावंसं वाटलेलं नाही. आणि राहायचं तर उभं राहून बोलायला पाहिजे, आणि माझं तर तुला ठाऊक आहे. नववीत बाईंनी धडा वाचायला उभं केलं की घशात कोणीतरी बूच मारल्यासारखं व्हायचं, बाई पुस्तकावर बोट ठेवून वाट बघायच्या, मागच्या बाकावरून कोणीतरी खोकल्यासारखं हसायचं, आणि एक दिवस मी दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच.

आता तू म्हणशील, नववी सोडलेल्या पोरीला संशोधकांत घेतलं कोणी. आमच्या मालकांनी पाठवलं. आमचं टायपिंगचं दुकान म्हणजे काय ते तुला अजून नीट कळलेलं नाही असं मला वाटतं (तू शेजारणीला मी सरकारी कचेरीत आहे असं सांगितलंस ते मला कळलंय). मी कानात हेडफोन घालते, लोकांची रेकॉर्डिंगं ऐकते आणि जे ऐकू येतं ते जसंच्या तसं टाइप करते. मला कोणाशी बोलावं लागत नाही, दिवसभर लोकच माझ्याशी बोलतात, आणि नको झाले की पायाखालचं पेडल दाबून थांबवता येतात. असं काम लाजाळू माणसाला मिळणं म्हणजे मांजराला दुधाच्या खोलीत कोंडण्यासारखं आहे. तर त्यातली पुष्कळ रेकॉर्डिंगं एका संस्थेची असतात. त्या संस्थेने मालकांना कळवलं की आम्ही संशोधकांना शिकवतोय, तुमच्याकडचंही एक माणूस पाठवा, म्हणजे टाइप करणाऱ्यालाही कळेल की टाइप केलेल्याचं पुढे होतं काय. मालक म्हणाले, मीच गेलो असतो पण दिवसभर बसायचं म्हणजे माझी पाठ. (पाठ दुकानात दिवसभर बसूनच असते, पण ते असो.)

पहिल्या दिवशी मी गेले तर लांबलचक खोली, मोठ्या खिडक्या, प्रत्येकासमोर कॉम्प्युटर आणि प्रत्येक कॉम्प्युटरसमोर पुठ्ठ्याची घडी घातलेली पाटी. माझ्या पाटीवर माझं नाव आणि खाली ‘संशोधक’. मी ती गपकन पालथी घातली. शेजारी बसलेल्या सरांना वाटलं पंख्याने पडली, त्यांनी ती परत उभी केली. मी परत पाडली. त्यांनी परत उभी केली आणि तिला पेन्सिलीचा टेकू दिला. मग ओळख सुरू झाली. एकेकजण उठून सांगायला लागला, मी अमुक, मी तमुक गोळा करतो. माझी पाळी आली तेव्हा घशातलं बूच जागेवर होतंच. मी उभी राहिले, पाटी उचलली, सगळ्यांना दाखवली आणि बसले. आत्या, त्यांना ती पद्धत वाटली! माझ्यानंतरच्या दोघांनीही पाट्याच दाखवल्या.

हे शेजारचे सर म्हणजे तक्रारवाले सर. त्यांनी पाणी आलं नाही, दिवा लागत नाही, गटार तुंबलंय अशी लोकांनी लिहिलेली तक्रारपत्रं वर्षानुवर्षं जमवलीत. दुसऱ्या बाजूला भाषणवाल्या ताई, त्यांनी सभांमधली भाषणं जमवलीत. आणि सगळ्यांच्या पुढे मॅडम. मॅडम बुटक्या आहेत, केस पांढरे, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागतं, आणि वाकले की मॅडम आणखी हळू बोलतात. ओरडून शिकवणारे मी पाहिले होते, पण हळू बोलून अख्खी खोली वाकवणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

आता तिथे शिकवतात काय ते मी तुला माझ्या शब्दांत सांगते, नीट वाच, हे महत्त्वाचं आहे. पुष्कळ लोकांचं खरंखुरं बोलणं आणि लिहिणं गोळा करायचं, टाइप करायचं आणि कॉम्प्युटरात भरायचं. त्या साठ्याला ते कॉर्पस म्हणतात. मग त्यातला एखादा शब्द घ्यायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हा जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओळी काढ. आणि आत्या, तो काढतो! शब्द पडद्याच्या मधोमध एकाखाली एक उभा राहतो, रांगेत, वरपासून खालपर्यंत, आणि त्याच्या डावीकडे उजवीकडे त्याच्या त्या त्या वेळची सोबत. पहिल्या दिवशी मॅडमनी ‘फक्त’ हा शब्द काढला. एवढासा शब्द. मी दुकानात तो इतक्या वेळा टाइप केलाय की बोटांना पाठ आहे. तर सगळे ‘फक्त’ रांगेत उभे आणि उजवीकडे बघावं तर, फक्त एकदा, फक्त दोन मिनिटं, फक्त विचारायला आले, फक्त बघायला आलोय. मॅडम म्हणाल्या, वाचा, आणि सांगा ही माणसं काय करतायत. आम्ही वाचत गेलो. आणि कळलं की यांच्यातलं कोणीच थोडकं मागत नाहीये! ज्याला पुष्कळ हवंय तोच ‘फक्त’ म्हणतोय. एकेक माणूस आपापल्या घरात, आपापल्या दाराशी उभा राहून ‘फक्त’ म्हणाला, त्यांतला कोणी कोणाला ओळखत नाही, आणि सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट केली. माझ्या अंगावर काटा आला. मी आजूबाजूला बघितलं, म्हटलं या शिकलेल्या लोकांना याचं काही नसेल, तर तक्रारवाले सर चष्मा काढून डोळे पुसत होते. (नंतर म्हणाले पडदा फार झगझगीत होता.)

आणखी एक गंमत. मॅडमचा नियम असा की आधीच ठरवून यायचं नाही, आधी ओळी वाचायच्या. तक्रारवाले सर ठरवून आले होते की लोक चिडले की पत्रातली सभ्यता जाते. त्यांनी शोधलं तर निघालं उलटंच. साध्या पत्रात एखादा ‘कृपया’, आणि माणूस जितका जास्त पेटलेला तितके कृपया जास्त. अगदी फटाफट, थोबाडीत मारल्यासारखे कृपया! इतकी वर्षं सर चुकीचं लिहीत आले होते. मला वाटलं आता बिचारे कुठे तोंड लपवणार, तर त्यांनी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या, खाली जाऊन बिस्किटांचा पुडा आणला आणि खोलीभर वाटला. चुकल्याबद्दल बिस्किटं वाटणारा माणूस, आत्या! आमच्या शाळेत चुकल्यावर जे वाटलं जायचं ते हातावर मिळायचं.

मग आम्हाला प्रत्येकाला स्वतःच्या साठ्यावर काम करायला सांगितलं. माझ्याकडे कसला साठा? दुकानातली रेकॉर्डिंगं दुसऱ्यांची, त्यांना हात लावायचा नाही. इतरांनी पेनड्राइव्ह भरभरून भाषणं, बातम्या, कोर्टातले सवालजवाब आणले होते. मी घरी येऊन विचार करत बसले आणि तेवढ्यात बाबांचा फोन वाजला, म्हणजे तूच होतीस. आणि नेहमीसारखी आतली ती बाई बोलली, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. आणि तू नेहमीसारखं तिला म्हणालीस, “कर बाई कर, आणि सगळ्या जगाला ऐकव!” तुला माहीतच आहे, बाबांनी तो फोन घेतल्यापासून तो आपोआप सगळं रेकॉर्ड करतो, बंद कसा करायचा ते विकणाऱ्यालाही सापडलं नाही, आणि तुझं आणि त्या बाईचं दर वेळी वाजतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. साठा आपल्या घरात, शर्टाच्या खिशात! आणि परवानगी? ती तर तू दर फोनला, पहिल्याच वाक्यात, खणखणीत आवाजात देऊन ठेवलेली.

तुला टाइप करणं सोपं नाही. मी दुकानात पळत्या गाडीतून बोलणारी, जेवता जेवता बोलणारी, तिघं एकदम बोलणारी माणसं टाइप केलीत. पण तू श्वास कधी घेतेस ते मला अजून सापडलेलं नाही. कॉम्प्युटरला वाक्य कुठे संपतं ते सांगावं लागतं. त्याने तुझी अख्खी फाइल बघितली आणि एकूण वाक्यं ‘एक’ असं दाखवलं. तक्रारवाले सर म्हणाले, यंत्र बिघडलंय. मी मान हलवून नाही म्हटलं.

आणि मग तू पडद्यावर आलीस. आधी कॉम्प्युटरने तुझं बोलणं इतर हजारो लोकांच्या बोलण्याशेजारी ठेवलं आणि सांगितलं की इतरांपेक्षा तू कोणते शब्द भलतेच जास्त वापरतेस. पहिला आला ‘गुडघा’. (म्हणून वर म्हटलं, तुझ्या गुडघ्यांचं बऱ्याच लोकांना माहीत आहे. तिथे सगळेच डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी लिहून तक्रारवाल्या सरांना विचारलंही, काही उपाय आहे का. ते म्हणाले, तो दुखतो असं त्या किती वेळा म्हणतात ते मी सांगू शकतो, का दुखतो ते मात्र नाही. म्हणजे ते दुसऱ्या जातीचे डॉक्टर.) मग मॅडमनी ‘मी काही बोलत नाही’ एवढं शोधलं. आत्या, रांग खाली जातच राहिली, जातच राहिली. मधोमध सगळीकडे ‘मी काही बोलत नाही’, डावीकडे थोडंसं, आणि उजवीकडे प्रत्येक ओळीत ‘पण’, आणि पणच्या पुढे शब्द पडद्याबाहेर गेलेले. मॅडमनी पडदा रुंद केला, तरी बाहेर. ‘मी काही बोलत नाही, पण तुझ्या बायकोला विचार’, ‘मी काही बोलत नाही, पण एवढं मोठं कपाट आणायची गरज’, ‘मी काही बोलत नाही, पण आईने असं चालवून घेतलं नसतं’. मला वाटलं हसतील. पण भाषणवाल्या ताई अशा बघत होत्या जसं कोणी पहिल्यांदा समुद्र बघावा, आणि म्हणाल्या, अहो, हे ‘बोलत नाही’ म्हणजे दार उघडणं आहे, मोठे वक्तेसुद्धा सभेत हेच करतात, पण इतकं सफाईने नाही. मग ‘जाऊ दे’ शोधलं. तू जाऊ दे म्हटल्यावर काहीही, कधीही, कुठेही गेलेलं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, ही बाई बोलता बोलता घर बांधते. माझी आत्या! माझ्या घशातलं बूच असं फुगलं, पण या वेळी अभिमानाने. मी आजवर तुझं बोलणं पावसासारखं समजत होते, येतं आणि पडतं. त्यात खांब आहेत, तुळया आहेत हे मला त्या रांगा बघून कळलं.

आणि तिथेच मॅडमनी विचारलं, यांची परवानगी कुठे आहे? मी ऐटीत तुझी पहिली ओळ दाखवली. कर बाई कर, आणि सगळ्या जगाला ऐकव. सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण मग त्यांनी शांतपणे ‘सगळ्या जगाला’ हे शब्द शोधले. रांग आली. ‘सांग सगळ्या जगाला तुझी बहीण जिन्यावरून घसरली म्हणून’, आणि त्याच श्वासात उजवीकडे, ‘खबरदार कोणाला बोललास तर’. ‘कळू दे सगळ्या जगाला यांना ऐकू येत नाही’, आणि लगेच, ‘खबरदार, जावयाला कळता कामा नये’. सगळ्या जगाला, खबरदार. सगळ्या जगाला, खबरदार. वरपासून खालपर्यंत. मी वाचता वाचता गार पडले. मॅडम म्हणाल्या, आता तूच सांग, या ओळी बघून, हा होकार आहे का? मी मान हलवली, नाही. ज्या पद्धतीने तुझं मोठेपण दाखवलं त्याच पद्धतीने मला उघडं पाडलं, आणि दोन्ही खरं होतं. याला काय म्हणावं!

मॅडमनी पडदा बंद केला. म्हणाल्या, त्यांचं बोलणं त्यांचं आहे. सगळं समजावून सांगून, त्यांनी शांतपणे हो म्हटलं तरच ते इथे राहील, नाहीतर पुसायचं, आपल्या डोक्यात राहील तेवढं राहील. मग त्यांनी सगळ्यांना तुझ्यावरची टिपणं खोडायला लावली. तक्रारवाल्या सरांनी वहीत तुझं ते ‘आईने असं चालवून घेतलं नसतं’ लिहून घेतलं होतं, त्यांनी ते इतक्या जड हाताने खोडलं की बघवेना. आणि मॅडमनी मला बजावलं, त्या फोनवरून विचारू नकोस, तेही रेकॉर्ड होईल, आणि विचारेपर्यंत नवीन भर टाकू नका. बाबा तुझा फोन का उचलत नाहीत ते आता कळलं ना? रोज तो वाजतो आणि ते त्याच्याकडे असे बघतात जसं कोणी बाळ रडतंय आणि घ्यायची बंदी आहे.

तुझं बोलणं झाकल्यावर माझ्या साठ्यात उरलं काय? बाबांचं ‘हं’. आईचं ‘गॅसवर काही ठेवलंय, आले’. आणि मधूनमधून मी. मॅडम म्हणाल्या, या ओळी तुझ्या, यांना परवानगीही तुझीच, बघायच्या का? मी मान हलवली. त्यांनी माझं ‘मी’ शोधलं. रांग उभी राहिली, छोटीशी. ‘आत्या, मी ते…’ ‘नाही, म्हणजे मी…’ ‘शाळेचं मी…’ उजवीकडे सगळीकडे टिंबं. आमच्या दुकानात माणूस थांबला की टिंबं द्यायची पद्धत आहे, ती मीच दिली होती, माझ्या हाताने, आणि देताना मला काहीही वाटलं नव्हतं. आता ती एकाखाली एक उभी बघितली. सगळीकडे मी, आणि टिंबं, आणि टिंबांच्या पुढे झाकलेली जागा, म्हणजे तू.

मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे तुला काय म्हणायचं होतं? आणि त्या थांबल्या. आत्या, असं थांबणं मी पाहिलेलं नाही. बाई थांबायच्या तसं पुस्तकावर बोट ठेवून नाही. खिडकीतून ऊन येत होतं, कोणाची खुर्ची वाजली नाही, तक्रारवाले सर बिस्कीट तोंडात धरून चावायचे थांबले होते. घशातलं बूच होतंच. पण त्याला कोणी हात लावेना, ढोसेना, तर ते आपलं आपणच सैल झालं. मी म्हटलं, आत्याने दिलेला स्वेटर मला निळा नको होता, हिरवा हवा होता. मॅडमनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. परत थांबल्या. मी म्हटलं, मला शाळा नको नव्हती. मला फक्त उभं राहून वाचायला नको होतं.

तू त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर माझा हात धरून म्हणालीस, “तिला शाळा नकोच आहे, मी सांगते ना, पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय!” मी शेजारी उभी होते, टिंबांसारखी. मी तुला बोल लावत नाहीये. घरी आल्यावर मी एकटीने तुझ्या ओळी उघडल्या (घरच्या घरी, कोणाला न दाखवता), आणि माझ्या टिंबांच्या पुढे तू काय म्हणतेस ते बघितलं. जवळजवळ प्रत्येक ओळीत पहिले शब्द तेच, ‘अगं घाबरू नकोस, मी आहे ना’. इतक्या वेळा तू आहेस म्हणालीस आणि मी मोजलंच नव्हतं. तुला शांतता झाली की वाटतं मी बुडतेय, म्हणून तू उडी मारतेस. पण आत्या, मी बुडत नसते. मी तिथे शब्द शोधत असते, आणि मला वेळ लागतो.

तर असं सगळं. शनिवारी बोलायची तयारी चालू आहे. काल तक्रारवाल्या सरांसमोर आणि दोन रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलून बघितलं, खुर्च्यांचं जमलं. आईने सांगितलंय की तुझ्याकडचा मोठा डबा तुझ्याकडेच असू दे, घाई नाही. आतोबांना नमस्कार. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पापा, मांजरीला काही नाही, ती मला चावली होती.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
भाची

ता. क. – वर एवढं सगळं बातमी म्हणून लिहिलं, पण खरं म्हणजे मॅडमनी सांगितलं होतं की त्या बाईंना आधी स्वतःच्या शब्दांत पूर्ण समजावून सांग आणि मगच परवानगी माग. ते समजावणं झालं, आता मागते. तुझं बोलणं आम्ही त्या साठ्यात ठेवू का? तुझं नाव, गाव, आतोबांचे कान, सगळं काढून टाकतील, पण गुडघा राहील, कारण तो फारच वर आहे. कागदावर सरळ हो किंवा नाही एवढंच लिहून खाली सही कर आणि हे पत्र घेऊन आलेल्या, आमच्या मालकांच्या मेहुण्याच्या हाती परत दे, तो उद्या तिथून निघेल. सगळ्या जगाला वगैरे लिहू नकोस, ते आता तिथे कोणी मानणार नाही. आणि तू नाही लिहिलंस तर मी खरंच सगळं पुसेन, शपथ. मी शनिवारी माझ्या टिंबांबद्दल बोलणार आहे, त्याला तुझ्या ओळी लागत नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी म्हणून हो लिहू नकोस. पण तक्रारवाल्या सरांसाठी लिहिलंस तर पुण्य लागेल.

आणखी एक ता. क. – संस्थेच्या व्यवस्थापकांना तुझ्याबद्दल कुठून तरी कळलं आणि ते धावत वर आले की अशा बाईंना शनिवारी प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवू, त्याच बोलतील, म्हणजे भाचीलाही बोलायला नको. तुला त्यांचं निमंत्रण येईल. आधी मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खुर्चीत बसले. मग परत उभी राहिले. आत्या, कृपया नाही म्हण. (सरांचा कृपया नाही, साधा कृपया.) तू आलीस तर सगळे तुलाच ऐकतील, मीसुद्धा.

शेवटचा ता. क., याच्यानंतर पाकीट चिकटवतेय – मगाशी चिकटवलेलं होतं, ते परत फाडलं. ये. तू नसलीस तर मी कोणासमोर बोलले असं मला वाटणार आहे? प्रमुख पाहुणी म्हणून नको, नुसती ये, मागच्या ओळीत बस. मी बोलता बोलता गप्प होईन, होईनच. सगळे माझ्याकडे बघतील, तुझा जीव वरखाली होईल, आणि तू उठायला लागशील. उठू नकोस. तेवढं थांबलीस ना, की पुढचं मी बोलते.